कॅमशाफ्टविना इंजिन : झडप उघडते, पण बसवायची कशी?

वेताळ_टेकडी (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर कोनिगसेग या स्वीडिश मोटार कंपनीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाचा विषय निघाला आणि 'कॅमशाफ्ट काढून टाकण्यात इतका फायदा असेल तर आपल्या पिंपरी-चाकणच्या कंपन्या ते का करत नाहीत' असा प्रश्न आला. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढत आहे. मी इंजिन चाचणीच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे माझे मत आधीच सांगून टाकतो. कॅमला (झडपा उघडणाऱ्या उंचवट्याला) पर्याय शोधणाऱ्यांपैकी जवळजवळ सर्वांनी झडप, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा घेणारे किंवा जळालेला वायू सोडणारे दार, उघडण्याचा प्रश्न सोडवला. ते अडले झडप हळुवारपणे सीटवर, म्हणजे तिच्या बैठकीवर, बसवण्यापाशी, आणि जिथे तेही साधले तिथे हिशेब खर्चापाशी येऊन थांबला.

चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो आणि त्यावरचे उंचवटे ठरल्या क्षणी झडपा दाबून उघडतात. झडप केव्हा उघडायची, किती उचलायची आणि केव्हा मिटायची हे सारे त्या उंचवट्याच्या आकारात एकदाच कोरलेले असते. नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबलेले इंजिन आणि पूर्ण भाराने खंबाटकीचा घाट चढणारे इंजिन यांच्या गरजा अगदी भिन्न असतात, तरी दोघांच्या वाट्याला एकच आकार येतो. जास्त वेगासाठी झडपा लवकर उघडून उशिरा मिटलेल्या बऱ्या, पण तोच कॅम आयडलिंगला (गाडी उभी असताना इंजिन मंद चालते तेव्हा) जळालेला वायू पुन्हा आत ओढतो आणि इंजिन अडखळते. म्हणून डिझायनर मधला मार्ग काढतो.

हा मधला मार्ग सैल करण्याचे प्रयत्न जुनेच आहेत. होंडाने १९८९ साली व्हीटेकद्वारे एकाच झडपेसाठी दोन वेगळे कॅम आळीपाळीने वापरले. बीएमडब्ल्यूने १९९२ पासून व्हॅनोसद्वारे कॅमशाफ्ट क्रँकच्या तुलनेत मागे-पुढे फिरवला आणि २००१ साली व्हॉल्व्हट्रॉनिकद्वारे झडपेची उचलही कमी-जास्त करून दाखवली. या सर्वांत कॅम मात्र जागेवरच राहिला. प्रत्येक झडपेला स्वतंत्र चालक द्यायचा, त्याला संगणकाने आज्ञा द्यायची आणि कॅमशाफ्ट, टायमिंग बेल्ट, रॉकर हा सगळा पसारा काढून टाकायचा, ही पुढची पायरी म्हणजे कॅमविरहित इंजिन.

वेळेचा हिशेब पाहिला तर अडचण कळते. ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेऱ्यांना) क्रँकचा एक फेरा १० मिलिसेकंदांत पुरा होतो. इनटेक (हवा आत घेणारी) झडप साधारण २४० अंश उघडी राहते असे धरले तर तिच्या हाती सुमारे ६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात ९ मिलिमीटर वर जाऊन परत यायचे असेल तर मार्गाच्या मध्यावर तिचा वेग सेकंदाला ४ मीटरच्या पुढे जातो आणि तिच्यावरचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ४०० पट होते. हे सेकंदाला ५० वेळा, प्रत्येक झडपेसाठी, आणि कोट्यवधी वेळा न चुकता व्हायला हवे. लोखंडाचा एक मूक उंचवटा हे काम फारशी तक्रार न करता करतो, हे त्याला अडगळ म्हणणाऱ्यांनी आधी मान्य करावे.

तिसरे_वर्ष_मेकॅनिकल

सर, लेख आवडला. दोन शंका आहेत. झडपांच्या वेळा बदलल्याने शक्ती वाढेल हे समजले, पण इंधन कसे वाचते? आणि फॉर्म्युला वनच्या इंजिनांत तर बऱ्याच वर्षांपासून स्प्रिंग नाहीत, मग ती कॅमविरहितच झाली ना?

वेताळ_टेकडी

दुसरी शंका आधी घेतो, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. रेनॉने १९८६ साली फॉर्म्युला वनमध्ये आणली ती वायूची स्प्रिंग. धातूची स्प्रिंग फार वेगाला स्वतःच कंप पावू लागते आणि झडप कॅमला सोडून तरंगते, म्हणून मिटवण्याचे काम दाबाखालच्या वायूकडे दिले. उघडण्याचे काम कॅमच करतो. डुकाटीच्या डेस्मो रचनेत तर मिटवण्यासाठीही दुसरा कॅमच असतो. म्हणजे या दोन्ही रचनांतून स्प्रिंग गेली, कॅम टिकला.

आता इंधन. कर्वे रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरने रांगताना गाडीला इंजिनाच्या क्षमतेचा अगदी लहानसा अंश लागतो. पेट्रोल इंजिनात हवा कमी करण्यासाठी थ्रॉटल (हवेच्या वाटेतली पाकळी) जवळजवळ मिटवतात, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) निर्वात तयार होतो आणि पिस्टनला खाली येताना त्या निर्वाताविरुद्ध ओढ घ्यावी लागते. ही ओढ इंधन जाळूनच भरून काढायची असते. शहरातल्या वापरात हा तोटा मोठा असतो, घाटात किंवा पूर्ण थ्रॉटलला तो जवळजवळ नाहीसा होतो. थ्रॉटल काढून टाकून इनटेक झडप हवी तेवढी हवा आत आल्याबरोबर मिटवली, तर उरलेल्या स्ट्रोकमध्ये आतली हवा प्रसरण पावते आणि परत येताना ती ऊर्जा बरीचशी परत देते. याशिवाय गरज नसेल तेव्हा दोन सिलिंडर झोपवणे, थोडा जळालेला वायू मुद्दाम आत ठेवून ज्वलनाचे तापमान कमी राखणे, अॅटकिन्सन पद्धतीने प्रसरण लांबवणे, हे सारे त्याच चालकांकडून होऊ शकते. डिझेलमध्ये थ्रॉटलचा हा तोटा नसल्यामुळे तिथे याचे आकर्षण कमी आहे.

भोसरीचा_ग्राइंडर

आमचा व्यवसाय कॅमशाफ्ट घासण्याचा असल्याने हा धागा वाचताना पोटात थोडे गलबलले, हे प्रांजळपणे सांगतो. पण धागाकर्त्यांनी झडप बसवण्याचा जो मुद्दा मांडला आहे त्यावर दुकानातून दिसते तेवढे लिहितो.

बाहेरच्या माणसाला कॅम अंड्यासारखा दिसतो आणि त्याचे सारे लक्ष टोकाकडे जाते. आमच्याकडे टोकाची फारशी चिंता कोणी करत नाही. सर्वाधिक नकार येतात ते रॅम्पवर. बेस सर्कल (कॅमचा न उचलणारा गोल भाग) संपून फ्लँक (उंचवट्याची तीव्र बाजू) सुरू होण्याआधी काही अंशांचा एक अत्यंत मंद चढ असतो आणि मिटण्याच्या बाजूला तसाच मंद उतार असतो. त्याची एकूण उंची मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांपेक्षा जास्त नसते. ग्राहक ड्रॉइंगबरोबर लिफ्ट टेबल देतो, त्यात प्रत्येक अंशाला किती उचल हवी हे मायक्रॉनपर्यंत लिहिलेले असते, आणि तपासणीत रॅम्पवर दोन-चार मायक्रॉनची लाट दिसली तरी तो लॉट परत येतो. सीबीएनच्या (अतिकठीण घासणाऱ्या पदार्थाच्या) चाकाची धार किंचित गेली किंवा मशीनला जरा कंप आला की ती लाट आधी रॅम्पवरच उमटते.

एवढा काटेकोरपणा तिथेच का, हे समजून घ्यायला मला बराच काळ लागला. झडप सीटला टेकते ती याच उतारावर. उतार मंद असल्याने ती टेकताना तिचा वेग सेकंदाला काही सेंटीमीटर एवढाच राहतो. टॅपेटची (कॅम आणि झडप यांच्यामधल्या भागाची) फट प्रमाणाबाहेर वाढली की झडप रॅम्पवर न टेकता फ्लँकच्या वेगाने आदळते, आणि तो टकटक आवाज तर सर्वांच्या परिचयाचा आहे. विजेवर चालणारी यंत्रणा हा उतार कुठून आणणार, हे मला जाणून घ्यायचे आहे.

अनुजा_क

भोसरीकर काका, आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी नियंत्रण प्रणालींवर काम करते आणि एका प्रकल्पात विद्युतचुंबकीय झडप चालकाचे सॉफ्टवेअर लिहिण्याच्या चमूत होते, म्हणून हा भाग जरा विस्ताराने मांडते.

विद्युतचुंबकीय चालकात झडपेच्या दांड्यावर लोखंडाची एक चकती असते, तिच्या वर एक आणि खाली एक चुंबक असतो, आणि दोन विरुद्ध स्प्रिंगा चकतीला मधोमध धरून ठेवतात. वरच्या चुंबकाने चकती पकडली म्हणजे झडप मिटलेली. त्याचा प्रवाह तोडला की दाबलेली स्प्रिंग चकतीला खाली फेकते, ती मध्य ओलांडून खालच्या चुंबकाजवळ पोहोचते आणि तो तिला पकडतो. प्रवासाची बहुतेक ऊर्जा स्प्रिंगांतून येते आणि स्प्रिंगांतच परत जाते, चुंबकाला फक्त घर्षणाची आणि वायूच्या दाबाची भरपाई करावी लागते. कल्पना देखणी आहे, आणि जर्मनी, फ्रान्स, अमेरिका अशा सर्व ठिकाणी तिच्यावर मनापासून काम झाले.

अडचण शेवटच्या एका मिलिमीटरमध्ये आहे. चुंबकाची ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. चकती दूर असताना चुंबक जवळजवळ हतबल असतो, आणि ती अगदी जवळ आली की ओढ एकदम उसळते, म्हणजे जिथे वेग उतरवायचा तिथेच तो वाढवणारे बल मिळते. प्रवाह थोडा कमी दिला तर चकती पकडली जात नाही आणि झडप मध्येच लोंबकळते. थोडा जास्त दिला तर ती आदळते. मध्यावर सेकंदाला सुमारे ४.५ मीटरने चाललेली वस्तू टेकताना ०.१ मीटरवर आणायची आणि हा निर्णय प्रत्येक फेरीत एका मिलिसेकंदाच्या आत घ्यायचा, असे ते काम आहे.

त्यात आणखी एक गोम आहे, जी वाचकांना बहुधा अनपेक्षित वाटेल. कॅमचा रॅम्प इंजिनाच्या वेगाबरोबर फिरतो, म्हणून ८०० आरपीएमला झडप ६००० च्या तुलनेत कितीतरी हळू टेकते आणि सिग्नलला गाडी शांत राहते. स्प्रिंग-चुंबकाच्या जोडीला मात्र स्वतःची नैसर्गिक वारंवारता असते. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला तिला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, इंजिन आयडलिंगला असो वा रेड लाइनला. त्यामुळे जास्त वेगाला जो आवाज इतर आवाजांत बुडून जातो, तोच आयडलिंगला सोळा झडपांनी मिळून ऐकू येतो. चाचणी कक्षात आम्ही आयडलिंगच्या आवाजावर जेवढा वेळ घालवला तेवढा शक्तीवर नक्कीच घालवला नाही.

एक्झॉस्टची झडप आणखी हट्टी असते, कारण ती उघडताना सिलिंडरमध्ये दाब शिल्लक असतो. २८ मिलिमीटर व्यासाच्या झडपेवर ५ बार दाब म्हणजे सुमारे ३०० न्यूटन, जणू ३० किलोचे ओझे, आणि तो दाब प्रत्येक ज्वलनाला थोडा वेगळा असतो. विजेचा प्रश्न तर वेगळाच. १२ व्होल्टवर एवढ्या चुंबकांना झटपट प्रवाह देणे जड जाते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाहन उद्योग ४२ व्होल्टची तयारी करत होता तेव्हा त्यामागच्या कारणांत या झडपाही होत्या. ती ४२ व्होल्टची लाट ओसरली आणि या झडपांचा एक आधार गेला.

टॅपेट_कव्हर

आमचे गॅरेज आहे आणि आम्ही रोज हेड उतरवतो, त्यामुळे थोडे रोखठोक लिहितो, राग नसावा. टायमिंग बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला लागतो, व्हॉल्व्ह वाकतात, गाइड जातात आणि गिऱ्हाईक बिल पाहून मटकन खाली बसते. ही गोष्ट वर्षानुवर्षांत एकदा होते, कारण बेल्ट वेळेवर बदलला तर तो टिकतो. तुमच्या नव्या पद्धतीत एक वायर सैल झाली, एक सेन्सर चुकला किंवा पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी गेले तर तीच गत होणार नाही का? उंदराने वायरिंग कुरतडलेल्या गाड्या आमच्याकडे दर पावसाळ्यात येतात.

अनुजा_क

शंका रास्त आहे. स्प्रिंग-चुंबकाच्या रचनेत वीज गेली की झडप अर्धी उघडी राहते, म्हणून पिस्टनच्या माथ्यावर खोल खाचा ठेवाव्या लागतात, आणि खाचा खोल झाल्या की दहन कक्षाचा आकार बिघडतो व कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) वाढवणे अवघड होते. म्हणजे सुरक्षिततेची किंमत कार्यक्षमतेतून कापली जाते. वीज गेल्यावर झडप आपोआप मिटेल अशा हवेच्या किंवा तेलाच्या रचना त्या बाबतीत बऱ्या. स्प्रिंगा ऊर्जा परत देतात तशी सोय तेलाच्या रचनेत मात्र आपसूक नसते, दर फेरीला दाबाखालचे तेल खर्च होते. फोर्डच्या शेक्टर आणि लेव्हिन यांनी १९९६ साली मांडलेल्या रचनेत यावर सुंदर उपाय होता : दाबाखालच्या तेलाने झडपेला गती द्यायची आणि तिला थांबवताना तेच तेल पुन्हा दाबाच्या टाकीत ढकलायचे, लोलकाने गती आणि उंची यांची अदलाबदल करावी तसे.

जहाजी

मी व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनियर म्हणून काम करून आता सहकारनगरात स्थायिक झालो आहे. आपण सर्व जण कॅमविरहित इंजिन भविष्यातले असल्यासारखे लिहीत आहात, म्हणून लिहावेसे वाटले. समुद्रावर ते केव्हाच आले आहे. सुल्झरची आरटी-फ्लेक्स इंजिने २००१ पासून जहाजांवर आहेत आणि मॅनच्या एमई मालिकेतही कॅमशाफ्ट नाही. २००६ साली पाण्यात उतरलेल्या एमा मेर्स्क या कंटेनर जहाजाचे १४ सिलिंडरचे इंजिन आरटी-फ्लेक्सच होते. त्याच्या सिलिंडरचा व्यास ९६० मिलिमीटर आणि शक्ती ८० हजार किलोवॅटच्या वर.

ही दोन स्ट्रोकची इंजिने असल्याने हवा लायनरच्या खालच्या भोकांतून येते आणि झडप फक्त एक्झॉस्टची असते. ती तेलाच्या दाबाने उघडते, दाबाखालच्या हवेच्या स्प्रिंगने मिटते आणि शेवटच्या टप्प्यात तेल अरुंद वाटेने बाहेर पडत असल्याने हळू बसते. कॅमशाफ्टच्या काळात इंजिन उलटे फिरवण्यासाठी कॅम किंवा रोलर सरकवावे लागत, आता नियंत्रकाने वेळा बदलल्या की काम होते. अगदी मंद वेगाने, धूर न काढता जहाज चालवता येते हा फायदा तर इंधन महागले तेव्हा मालकांनी पुरेपूर घेतला.

मात्र यावरून मोटारीचा निष्कर्ष काढू नका. आमचे इंजिन मिनिटाला शंभर फेऱ्यांच्या आसपास चालते, म्हणजे एका फेऱ्याला ६०० मिलिसेकंद. झडपेला पाव सेकंदाच्या जवळपास वेळ मिळतो. धागाकर्त्यांनी जे काम ६ मिलिसेकंदांत करायचे म्हटले त्यासाठी आमच्याकडे चाळीसपट अवकाश आहे. शिवाय पंप एकाहून अधिक असतात, सुटे भाग जहाजावरच असतात आणि एखादी सील गळू लागली तर पाना घेऊन चार माणसे तयार असतात. मोटारीच्या मालकाकडे यातले काय असते?

रांजणगाव_रोड

जहाजी काकांच्या प्रतिसादानंतर थोडे घराजवळ येतो. निम्मी कॅमविरहित म्हणता येईल अशी गाडी आपल्या रांजणगावातच तयार होत होती. २०१७ साली आलेल्या जीप कंपासच्या पेट्रोल आवृत्तीत १.४ लिटरचे मल्टिएअर टर्बो इंजिन होते. हे तंत्र फियाटने २००९ साली अल्फा रोमिओ मिटोमध्ये प्रथम आणले, आणि त्याची यंत्रणा शेफलरने बनवली.

त्यात कॅमशाफ्ट एकच असतो. एक्झॉस्टच्या झडपा तो नेहमीसारख्या उघडतो. इनटेकसाठी त्याच शाफ्टवरचा उंचवटा एक लहान पंप दाबतो आणि पंप व झडप यांच्यामध्ये इंजिन ऑइलचा एक स्तंभ असतो. सोलेनॉइड (विजेने उघड-मिट होणारी तोटी) बंद असेल तर तेलाला वाट नसते, ते लोखंडी दांड्यासारखे वागते आणि झडप कॅमच्या आकाराबरहुकूम उघडते. सोलेनॉइड मध्येच उघडला की तेल बाजूच्या कप्प्यात निसटते आणि स्प्रिंग झडप लवकर मिटवते. सोलेनॉइड उशिरा बंद केला तर झडप उशिरा आणि कमी उघडते. टेकताना वेग कमी करायला तेलाचाच एक ब्रेक असतो. म्हणजे भोसरीकर काकांचा रॅम्प इथे तेलाच्या अरुंद छिद्रात दडलेला आहे.

वापराच्या दृष्टीने एकच सांगतो : या इंजिनात ऑइल हे वंगणाबरोबरच यंत्राचा भाग असते. ठरलेल्याऐवजी भलत्या ग्रेडचे ऑइल भरले, पातळी खाली जाऊ दिली किंवा बदल लांबवला तर आधी हीच यंत्रणा कुरकुरते. थंडीच्या सकाळी ऑइल घट्ट असताना नियंत्रकाला वेगळा हिशेब करावा लागतो, तो वेगळाच.

वेताळ_टेकडी

उत्तम प्रतिसाद. मल्टिएअरचा मुद्दा पुढे नेतो, कारण माझ्या मते सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. फियाटने कॅम ठेवला म्हणून ते बाजारात येऊ शकले. झडप उघडण्याची ऊर्जा कॅम देतो, त्यामुळे वेगळा उच्चदाब पंप किंवा मोठा अल्टरनेटर लागत नाही. कॅमच्या चौकटीबाहेर झडप उघडूच शकत नसल्याने सॉफ्टवेअर चुकले तरी ती पिस्टनच्या वाटेत येत नाही. स्वातंत्र्य अर्धे मिळाले, पण गाडी कारखान्याच्या दाराबाहेर पडली. शेफलरचे हेच तंत्र पुढे जग्वार लँड रोव्हरच्या इंजेनियम पेट्रोल इंजिनांतही आले, आणि ती कंपनी २००८ पासून टाटा मोटर्सची असल्याने ते आपल्याला अगदीच परके नाही.

पूर्ण कॅमविरहित वाटेवर सर्वांत पुढे गेलेली कंपनी म्हणजे स्वीडनमधील फ्रीव्हॉल्व्ह, जी कोनिगसेगशी संलग्न आहे आणि पूर्वी कार्जिन नावाने ओळखली जाई. त्यांची झडप दाबाखालच्या हवेने उघडते, तेल तिला धरून ठेवते व बसताना आवरते, आणि वेळा संगणक ठरवतो. २०१६ साली चीनच्या कोरोस कंपनीने त्यांच्या मदतीने केलेले १.६ लिटरचे टर्बो इंजिन बीजिंगच्या प्रदर्शनात मांडले. मार्च २०२० मध्ये कोनिगसेगने जेमेरा या गाडीसाठी २ लिटरचे तीन सिलिंडर इंजिन जाहीर केले : ६०० अश्वशक्ती, ६०० न्यूटन-मीटर टॉर्क आणि सुमारे ७० किलो वजन. हे आकडे थक्क करणारे आहेतच. पुढे त्याच गाडीला व्ही-८ चा पर्याय आला आणि ग्राहकांचा ओढा तिकडे गेला. ज्या गाडीची किंमत विचारायची आपली छातीही होत नाही, तिच्या ग्राहकांनीसुद्धा यासाठी हट्ट धरला नाही, हे मला बोलके वाटते.

ब्रिटनमधील कॅमकॉनची वाट आणखी निराळी आहे. त्यांनी प्रत्येक झडपेला स्वतंत्र विद्युत मोटर दिली, पण मोटर फिरवते तो एक चिमुकला कॅमच. तो पूर्ण फिरला तर पूर्ण उचल, अर्धवट फिरून परत आला तर कमी उचल. आदळण्याचा प्रश्न त्यांनी सोडवला तो कॅमचा आकार परत आणून, त्यामुळे भोसरीकरांनी मिशीवर ताव द्यायला हरकत नाही. या रचनेची चाचणी इंजेनियम इंजिनावरच झाली होती.

आता खर्चाकडे. गेल्या दोन दशकांत साध्या कॅमशाफ्टला फेझर (व्हॅनोससारखी तो मागे-पुढे फिरवणारी यंत्रणा), थेट इंधन फवारणी आणि लहान टर्बो यांची जोड मिळाली आणि कॅमविरहित इंजिनाने देऊ केलेल्या फायद्यांतला मोठा वाटा स्वस्तात हाती आला. ह्युंदाईने तर २०१९ साली झडप किती काळ उघडी ठेवायची हेही यांत्रिक पद्धतीने बदलून दाखवले. त्यात हायब्रिडने उरलीसुरली गरज कमी केली. आपल्याकडे २०२२ पासून आलेल्या ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये अॅटकिन्सन चक्राचे साधे दीड लिटरचे इंजिन आहे. शहरात रांगताना ते बंद असते आणि सुरू होते तेव्हा बहुतेक वेळ सोयीच्या भारावर चालते. ज्या कमी भारासाठी कॅमविरहित यंत्रणा सर्वाधिक उपयोगी, तिथे इंजिनच चालत नाही. मग सोळा चालकांचा खर्च कोणासाठी करायचा?

अनुजा_क

इथे माझा मतभेद नोंदवते. आपला हिशेब इंधन एकसारखे आहे असे धरून केलेला आहे. आपल्याकडे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) आले आहे, त्याहून जास्त इथेनॉलची इंजिनेही येत आहेत. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने त्याला जास्त कॉम्प्रेशन रेशो चालतो, तर पेट्रोलला तोच नॉकिंगकडे (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याकडे) नेतो. इनटेक झडप मिटण्याची वेळ बदलून प्रत्यक्ष दाबली जाणारी हवा कमी-जास्त करता येते, म्हणजे टाकीत काय भरले आहे त्यानुसार इंजिन स्वतःला जुळवून घेऊ शकते. थंड इंजिन सुरू करताना इथेनॉलचे बाष्प नीट होत नाही, तिथेही गरम वायू आत राखण्याची सोय कामाची आहे. आणि एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरच्या प्रत्यक्ष उत्सर्जनाचे नियम लागू झाल्याने सुरुवातीचे ते थंड क्षण आता दुर्लक्षून चालत नाही.

वेताळ_टेकडी

मुद्दा दमदार आहे आणि एकूण चर्चेत कॅमविरहित बाजूचा हाच सर्वांत बळकट युक्तिवाद मला वाटतो. तरी दोन गोष्टी. इनटेक झडप उशिरा मिटवून प्रत्यक्ष कॉम्प्रेशन कमी करणे विजेवर चालणाऱ्या फेझरनेही बऱ्याच अंशी साधते, फक्त उघडण्याची वेळही त्याबरोबर सरकते, एवढी तडजोड राहते. थंड सुरुवातीला मात्र फेझर कमी पडतो हे मान्य. तिथे स्पर्धा कॅटॅलिस्ट (एक्झॉस्टचा वायू स्वच्छ करणारा भाग) विजेने तापवण्याशी आहे, आणि ते काम ४८ व्होल्टच्या गाडीत झडपांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

तिसरे_वर्ष_मेकॅनिकल

आम्हाला शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एका सिलिंडरच्या जुन्या जनरेटर इंजिनावर असे काही करून पाहायचे आहे. हवेचे बाजारी सिलिंडर आणि सोलेनॉइड वापरून इंजिन सुरू होईल का? अमेरिकेतल्या एका हौशी माणसाने माझदा मियाटावर असे केल्याचे पाहिले.

अनुजा_क

सुरू होईल, १५०० आरपीएमवर चालेलही. त्याआधी इंजिन न पेटवता हेड बाकावर ठेवून फक्त एक झडप चालवा आणि विस्थापन सेन्सरने तिची उचल वेळेनुसार नोंदवा. शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरमधला वेग काढा. सोलेनॉइडला आज्ञा दिल्यापासून झडप हलेपर्यंतचा विलंब दर वेळी किती बदलतो हेही मोजा, कारण सरासरी विलंब सॉफ्टवेअरमध्ये भरून काढता येतो, त्यातला चढ-उतार येत नाही. पहिल्या चाचण्या इनटेकवरच करा, एक्झॉस्टला मूळचा कॅम राहू द्या. पिस्टनच्या माथ्यावर झडपेपुरती खाच करून घ्यायला विसरू नका.

भोसरीचा_ग्राइंडर

बाळा, खाच करायची असेल तर पिस्टन घेऊन दुकानात ये, माथ्याची जाडी मोजून मगच कापू.

धागाकर्त्यांना माझा व्यवहाराचा प्रश्न असा की नवे सीएनसी ग्राइंडिंग मशीन घेण्याचा विचार आहे. कर्जाचे हप्ते सात वर्षे चालतील. घ्यावे का?

वेताळ_टेकडी

कॅमविरहित इंजिनाच्या भीतीने थांबू नका. दुचाकी, ट्रॅक्टर, जनरेटर यांतले कॅम तेवढ्या काळात कुठे जात नाहीत. विजेच्या गाड्यांचा हिशेब मात्र अवश्य करा, कारण त्यांत झडपच नाही. स्कूटर आणि तीनचाकीत तो बदल आधी दिसेल, त्यामुळे तुमच्या ऑर्डरींपैकी किती वाटा कोणत्या वाहनाचा आहे ते आधी लिहून काढा.

भोसरीचा_ग्राइंडर

स्कूटरचा वाटा थोडाच आहे, मुख्य काम ट्रॅक्टरचे आणि मोटारीचे. मोटारवाले आता ओतीव शाफ्टऐवजी पोकळ नळीवर सुटे कॅम दाबून बसवलेले शाफ्ट मागू लागले आहेत, कारण ते वजनाला हलके असतात. त्यातले कॅम बऱ्याचदा आधीच घासून येतात आणि आमच्यासारख्यांकडे घासायला फक्त जर्नल (शाफ्ट ज्यांवर टेकून फिरतो ते गोल भाग) उरते. मशीन घ्यायचेच तर दोन्ही कामे करणारे घ्यावे लागेल, आणि त्याचे कोटेशन अजून यायचे आहे.